थंडी कोणाच्या हाताने मोजावी?



सुक्कोथचा सण आटोपून हेश्वान महिना लागला, की इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. दिमोनाचे आप्त दूरध्वनीवर विचारतात, "हीटर माळ्यावरून काढला का?" लोदची मंडळी सांगतात, "पहिला पाऊस पडल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही." कोणी विजेचे बिल पुढे करतो, कोणी गुडघे. आम्ही दुबईत राहतो. येथील घरांत हीटरची व्यवस्थाच नसते. आमच्याकडे तोच प्रश्न उलटा होऊन येतो. ऋतू तोच, काळजीही तीच, पण आम्ही एकमेकांना विचारतो, "एसी बंद केला का?"

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे आम्ही अनेक वर्षे समजत होतो. २०२२ सालच्या हेश्वानात तो क्षुल्लक नाही हे आम्हांस कळले. कसे कळले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या पूर्वजांनी कोकणात योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण' असे सुरेख नाव दिले होते. त्या दिवशी दारे बंद करून सारे कुटुंब घरात बसे; दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दारे उघडत आणि माणसे एकमेकांकडे जात. दुबईत आमची दारफाळणी पाच महिन्यांची असते. मे महिन्यात खिडक्या लावून घेतल्या की त्या ऑक्टोबरपर्यंत उघडत नाहीत. ऑगस्टमध्ये दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि रात्रीदेखील ३० च्या खाली क्वचितच उतरतो. हवा समुद्रावरची, ओली. एवढ्या काळात घरातल्या यंत्राचा आवाज इतका अंगवळणी पडतो की तो थांबला तरच कानाला जाणवतो.

मग तो थांबवायचा केव्हा? येथील जुन्या लोकांना ही गणना अवगत होती. ऑगस्टच्या अखेरीस, २४ तारखेच्या सुमारास, पहाटे दक्षिणेस 'सुहैल' तारा दिसू लागतो. तो दिसला म्हणजे उन्हाळ्याची पाठ मोडली, असे अरब मानतात, आणि तेथून दहा-दहा दिवसांचे भाग पाडून वर्ष मोजतात. ऑक्टोबरच्या मध्याला 'वस्म'चा काळ लागतो; त्यात पाऊस पडला तर वाळवंटात गवत उगवते. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती. अगस्तीचा उदय झाला की पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. एकाच ताऱ्याकडे पाहून कोकणातला माणूस पाणी निवळण्याची वाट पाहतो आणि आखाताच्या किनाऱ्यावरचा माणूस गारव्याची.

त्या लोकांची घरेही ऋतूप्रमाणे वागत. दुबईच्या अल फहीदी भागात आजही जुने 'बर्जील' उभे आहेत. बर्जील म्हणजे वारा पकडून खालच्या खोलीत उतरवणारा चौकोनी मनोरा. थंडी आली की त्याची तोंडे बंद करीत. ज्यांना ऐपत नव्हती ते खजुराच्या झावळ्यांच्या घरांत राहत, आणि उन्हाळ्यात अनेक कुटुंबे किनारा सोडून अल ऐन, लिवा अशा खजुराच्या बागांच्या गावी जात. आजचे सरकारही एका बाबतीत ऋतू ठरवून देते. १५ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात दुपारी साडेबारापासून तीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास मनाई आहे. हा नियम कचेरीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांचे अंग पाहून केलेला नाही. उन्हात वीट उचलणाऱ्याचे अंग पाहून केलेला आहे. ह्या गोष्टीतला अर्थ मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आला.

घराच्या आत सरकार येत नाही, आणि तारा पाहण्यास सतराव्या मजल्यावरची खिडकीही उघडत नाही. तेथे सारा कारभार भिंतीवरच्या एका लहानशा डबीवर चालतो. वीज-पाणी प्राधिकरणाचा सल्ला २४ अंशांचा. आम्हांस २२ वर झोप लागते. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की ऑक्टोबर लागला, आता यंत्र बंद करून बिल वाचवावे. पण त्या बिलाचीही एक गंमत आहे. आमच्यासारख्या अनेक उंच इमारतींना गार पाणी एका मध्यवर्ती कारखान्यातून नळाने येते. त्या बिलाचे दोन भाग असतात. एक वापराप्रमाणे बदलतो, तर दुसरा ठरलेला, घराला लागणाऱ्या क्षमतेनुसार. यंत्र बंद ठेवले तरी दुसरा भाग भरावाच लागतो. त्यामुळे बंद करण्यात पैशापेक्षा मनाचे समाधानच अधिक. शिवाय घाई केली तर दमटपणा सूड घेतो. गार झालेल्या भिंतींवर बाहेरची ओली हवा आली की काचांवरून पाणी ओघळते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. म्हणून दर वर्षी आम्हा उभयतांत आठ-पंधरा दिवस वाद चाले, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी तो आपोआप मिटे. त्या वादात तिसरे कोणी असू शकते, हे आमच्या गावीही नव्हते.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आमची थोरली आत्या दिमोनाहून आली. तिचे वय तेव्हा ८४. दुबई आणि तेल अवीव यांच्यामध्ये सरळ प्रवासी विमाने २०२० सालच्या नोव्हेंबरपासून सुरू झाली, आणि त्यामुळेच ही भेट घडली. एरवी तिने आम्हांस पाहण्यासाठी ठाण्यापर्यंत यायचे आणि आम्ही तिला पाहण्यासाठी तिकडेच जायचे, असा द्राविडी प्राणायाम चाले. आत्या १९६४ साली रेवदंड्याकडचे घर सोडून यजमान व सासूबाई यांच्यासह इस्रायलला गेली. त्या वेळी आम्ही पाच वर्षांचे होतो. डिसेंबरच्या पहाटे आमच्या अंगावरची गोधडी घसरली की स्वतःची वर घालणारी आत्या, एवढीच तिची त्या वयातली आठवण. अशा आत्याची सेवा करण्याची संधी मिळाली म्हणून आम्ही आनंदात होतो. तिला पूर्वेकडची खोली दिली. त्या खोलीतील हवेचे यंत्र दिवाणखान्याच्या यंत्राशीच जोडलेले होते आणि झरोका नेमका पलंगाच्या डोक्यावर होता. ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस माहीत होत्या. त्यांचा एकत्र विचार मात्र आम्ही केला नाही.

४ नोव्हेंबरला शुक्रवार होता. २०२२ च्या जानेवारीपासून येथे शनिवार-रविवारची सुटी झाली आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवसच काम असते, त्यामुळे शब्बाथला माणसे बोलावणे सोपे झाले आहे. आत्या आली म्हणून आम्ही दहा-बारा जणांना जेवायला बोलावले. त्या दिवसांत येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. स्वयंपाकघरात तीन चुली पेटलेल्या, दिवाणखान्यात खुर्च्या दाटीने मांडलेल्या. पाहुण्यांना उकडू नये म्हणून दिवे लावण्यापूर्वी आम्ही डबीचा आकडा २० वर नेला. शब्बाथ लागल्यावर त्याला हात लावायचा नाही, ही आत्याच्या घरची रीत आणि तिच्यासमोर आमचीही. त्या डबीवर वेळ लावून ठेवण्याची सोय होती. रात्री अकराला यंत्र आपोआप मंद झाले असते. त्या गडबडीत ते कोणासही सुचले नाही.

किद्दूश झाला. आपल्या रीतीप्रमाणे सर्वांनी एकमेकांशी हातबोशी केली. आम्ही आत्याचा हात हातात घेतला आणि बोटे ओठांना लावली. हात गार लागला. मनात आले, नुकतेच पाण्याने हात धुतले असतील. पुढचा हात धरण्यासाठी आम्ही वळलो.

शनिवारी पहाटे पाणी पिण्यास उठलो तो स्वयंपाकघरात आत्या बसलेली. जेवण ऊन राहावे म्हणून शुक्रवारी चालू करून ठेवलेल्या विजेच्या तव्याजवळ तिने स्टूल ओढले होते.

"आत्या, झोप नाही का लागली?"

"लागली रे. म्हातारपणी पहाटेच जाग येते. तू जा, नीज."

आम्ही गेलो आणि पुन्हा झोपलोही.

संध्याकाळी तीन तारे दिसल्यावर हब्दाला झाला. मेणबत्तीच्या उजेडात आपण सारे बोटे पुढे करून नखांकडे पाहतो, क्षणभर. सर्वांनी हात मागे घेतले. आत्याने घेतले नाहीत. तिचे दोन्ही हात ज्योतीभोवती तसेच राहिले, शेकोटीभोवती असावेत तसे. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही दोन लुगडी नेसला आहात?" त्यांच्या खाली आमच्या मुलाचा स्वेटरही होता. पंचवीस तास ती बाई त्या झरोक्याखाली होती.

रविवारी खोकला सुरू झाला, सोमवारी ताप चढला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषधे दिली. परतीचे तिकीट पुढे ढकलावे लागले. त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. वय झाले म्हणजे शरीरात ऊब कमी निर्माण होते, आणि थंडी वाजते आहे ही वर्दीदेखील उशिरा पोहोचते. तरुण माणूस कुडकुडून तक्रार करतो. म्हाताऱ्याचे शरीर गुपचूप गारठत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातील उबेची किमान मर्यादा १८ अंश सांगितली, आणि वृद्ध व आजारी माणसांना त्याहून अधिक ऊब लागू शकते असेही म्हटले. आमचा आकडा २० चा होता. पण तो दहा माणसांनी भरलेल्या दिवाणखान्यासाठी होता. अंगावर थेट वारा घेणाऱ्या एकट्या वृद्धेला त्या आकड्याचा आधार नव्हता.

ताप उतरल्यावर आम्ही विचारले, "आत्या, सांगितले का नाहीस? आजाऱ्यासाठी शब्बाथलाही मार्ग काढता येतो. थंडीपुढे तर सगळीच माणसे आजारी समजावीत, असे आपले शास्त्रकार मानतात."

"अरे, तुम्ही सगळे घाम पुसत होतात. माझ्या एकटीसाठी दहा जणांना उकडवायचे? आणि मी पाहुणी. पाहुणीने घरचा वारा बदलू नये."

थोडा वेळ थांबून तिने आपण होऊन एक हकीकत सांगितली. ती पूर्वी कधीच सांगितली नव्हती.

"आम्ही दिमोनाला गेलो ते वाळवंट म्हणून उकाड्याची तयारी करून गेलो. थंडी पडते हे ठाऊक कोणाला! घासलेटची शेगडी मिळाली होती, पण घासलेटाला पैसे पडत. शेजारी म्हणाले, पहिला पाऊस पडला की पेटवायची. यजमानांनी तेच ठरवले. पाऊस काही येईना. सासूबाई कोपऱ्यात बसून असायच्या, म्हणायच्या, मला काही होत नाही. मलाही खरेच वाटले. एकदा शुक्रवारी हातबोशी करताना त्यांचा हात लागला तो लाकडासारखा. त्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या, त्या पुन्हा धड उठल्या नाहीत. मग मी पाऊस बघायचे सोडले. रोज संध्याकाळी त्यांचा हात हातात घ्यायचे. गार लागला की शेगडी पेटवायची, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. पुढे माझ्या सुनेलाही मी तेच शिकवले."

आम्ही काही बोललो नाही. ही बाई ज्या चुकीपासून आयुष्यभर दुसऱ्यांना जपत आली, तीच चूक आम्ही तिच्याच बाबतीत केली होती. हातही हातात घेतला होता. फक्त थांबलो नव्हतो.

तिकीट पुढे गेल्यामुळे ४ डिसेंबरच्या संध्याकाळी आत्या येथेच होती. त्या संध्याकाळपासून इस्रायलबाहेरच्या देशांत नित्य प्रार्थनेत पाऊस मागण्याचे शब्द घालतात. आत्या हसून म्हणाली, "आमच्याकडे तर महिनाभर आधीच मागायला लागतात." ते खरे आहे. इस्रायलमध्ये ही मागणी ७ हेश्वानला सुरू होते. त्या वर्षी ती तारीख १ नोव्हेंबरला आली होती. ह्या सात तारखेचे कारण मिश्नेच्या तानीथ भागात दिले आहे, आणि ते आम्ही अनेकदा वाचूनही त्यावर कधी विचार केला नव्हता. पाऊस तर सण संपताच हवा असतो. शेतकरी वाट पाहत असतो. पण सणासाठी यरुशलेमला आलेले यात्रेकरू परत निघालेले असतात. म्हणून राबान गमलिएल यांनी सणानंतर पंधरा दिवस थांबण्यास सांगितले, अशासाठी की सर्वांत मागे राहिलेला माणूस फरात नदीपर्यंत पोहोचावा आणि त्याला वाटेत पावसाने गाठू नये.

म्हणजे सारा देश पावसाची मागणी थांबवून धरतो, ती त्या शेवटच्या, हळू चालणाऱ्या माणसासाठी. आत्या म्हणत होती, एकटीसाठी दहा जणांना कशाला त्रास? आणि आपली पंचांगाची रीत सांगते, एकासाठी सगळ्यांनी थांबावे. त्या एकाने विनंती करावी अशीही अट तीत नाही. तो दूर रस्त्यावर आहे. त्याचा आवाज येथवर येणारच नाही, हे गृहीत धरूनच तारीख ठरवली आहे.

तेव्हापासून आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो. घरात वडीलधारे माणूस असेल तेव्हा त्याच्या खोलीतला झरोका बंद करतो किंवा पलंग त्याखालून हलवतो. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी डबीला वेळ लावतो, आणि आकडा ठरवताना रात्री सर्वांत जास्त गारठणाऱ्या माणसाच्या खोलीत जाऊन पाच मिनिटे बसतो. ज्यांना उकडते त्यांनी पातळ कपडे घालावेत. उकडणाऱ्याला बोलता येते. तेलाने भरलेला विजेचा एक लहान हीटर आम्ही घेतला आहे. दुबईत हीटर आणला म्हणून मित्रांनी थट्टा केली, पण जानेवारीत पहाटे पारा १५ च्या आसपास उतरतो आणि फरशी पायाला चांगलीच गार लागते, तेव्हा त्याचा उपयोग होतो. मात्र कोणीही, येथे किंवा तिकडे, बंद खोलीत कोळसा पेटवून ऊब घेऊ नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. येथील पोलीस ह्याबद्दल लोकांस वारंवार बजावत असतात. रॉकेल किंवा गॅसची शेगडी असेल तर आत्याच्या नियमाप्रमाणे खिडकी बोटभर उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी विझवावी.

यंत्र केव्हा बंद करायचे, ह्या आमच्या जुन्या वादाचेही रूप बदलले आहे. आता आम्ही एकदम बंद करीत नाही. आधी रात्री आकडा वर नेतो, मग पहाटे थांबवतो, आणि दमटपणा ओसरला की एका सकाळी खिडकी उघडतो. पाच महिन्यांची दारफाळणी त्या सकाळी संपते. खालच्या रस्त्याचा आवाज वर येतो, समुद्राचा वास येतो, आणि शेजारी कोणी कढी केली आहे तेही कळते.

आत्या आता दिमोनात नातवाकडे असते. हेश्वान लागला की तिचा दूरध्वनी येतो. ती विचारते, "एसी बंद केला का रे?" आम्ही तिला विचारत नाही. तिला विचारून काय उपयोग? ती म्हणणार, मला काही होत नाही. आम्ही दूरध्वनी नातवाकडे देण्यास सांगतो आणि त्याला म्हणतो, "आजीचा हात हातात घे, आणि मग सांग."

वाचकहो, ह्या शुक्रवारी आपल्या घरी किद्दूश झाल्यावर हातबोशी होईल. वडीलधाऱ्यांचा हात धराल तेव्हा तो लगेच सोडू नका. क्षणभर अधिक धरा. गार लागला, तर तारीख पाहू नका, शेजाऱ्याने काय केले ते विचारू नका, आणि पावसाची वाटही पाहू नका.